सतरावा सोमवार

पट्टीवर दुसरी लाल रेघ उमटली, तेव्हा सासूबाई चुरम्याची कणीक मळत होत्या. माझ्या सोळा सोमवारांचं आज उद्यापन होतं आणि संध्याकाळी सोळा जोडपी जेवायला येणार होती. सकाळपासून घसा खवखवत होता, अंगात कणकण होती, म्हणून मी घरीच करोनाची तपासणी केली.

सासूबाईंनी ती पट्टी कचऱ्याच्या डब्यात टाकली. "साधी सर्दी आहे. गोळी घे आणि गप्प बस. कुणाला कळणारेय?"

"आई, घाणेकरकाका येणार आहेत. चार महिन्यांपूर्वी त्यांची किडनी बदललीय. त्यांना हे झेपायचं नाही."

"आणि व्रताचं काय? उद्यापन मोडलं तर पुन्हा पहिल्यापासून सोळा सोमवार धरावे लागतील. महादेवाला काय तोंड दाखवशील?"

बारा वर्षांत मी त्यांना उलट उत्तर दिलं नव्हतं. आत्ताही माझा आवाज चढला नाही. "काकांना आजारी पाडून त्याच्यापुढे बसायचं नाही मला. आणि तुम्हीही लांब उभ्या राहा."

"फार शहाणी झालीस," म्हणत त्या दारापर्यंत सरकल्या. मी मास्क लावून घाणेकरकाकूंना फोन केला.

"अगं, येतोय गं, घाई कसली? ह्यांनी दुपारीच नवा सदरा चढवलाय!"

"काकू, येऊ नका. मला करोना झालाय. सगळ्यांनाच नको म्हणून सांगतेय."

"अगंबाई! आणि तुझं उद्यापन?"

सासूबाई कान देऊन उभ्या होत्या. त्यांना नीट ऐकू जावं म्हणून मी सावकाश, स्पष्ट म्हणाले, "मोडलं. बरी झाले की जो सोमवार येईल, तो माझा पहिला."