ओपनिंगची परवानगी

बिबवेवाडीच्या चौकात पोकळ लोखंडी खांब उभा राहणार होता, वर एका बाजूला भलामोठा फलक. डिझाइन ठेकेदाराकडच्या इंजिनीअर उत्कर्षाचं. वाऱ्यानं फलक ढकलला की खांबाला पीळ बसतो, आणि पोकळ खांब अख्खा असेल तरच तो पीळ सोसतो. म्हणून तिनं ड्रॉइंगवर ठळक लिहिलं, ‘माझ्या लेखी परवानगीशिवाय ओपनिंग करू नये.’

दुपारी नगरसेवकांच्या पीएचा फोन आला.

“काय हो मॅडम, साहेबांनी ओपनिंग आता तुम्हाला विचारून करायचं का?”

“अहो, ओपनिंग म्हणजे भोक.”

“साहेबांच्या कार्यक्रमाला भोक म्हणता?”

संध्याकाळपर्यंत ठेकेदाराकडची तिची नोकरी गेली. ओपनिंग ढोलताशात झालं. साहेबांच्या नावाची पाटी खांबात नीट बसावी म्हणून खांबाला दोन फुटी चौकोन कापला होता. पाटी सुबक दिसत होती, हे मान्य करायला हवं.

महिन्याभरात वळवाचा वारा सुटला आणि खांब पिळलेल्या टॉवेलसारखा बद्रीनाथकाकांच्या चहाच्या टपरीवर आला. काका टपरीतच होते.

चौकशी बसली, तसा पीएचा पुन्हा फोन आला. नोकरी परत मिळेल म्हणाला, फक्त एक छोटं काम होतं.



“मॅडम, ओपनिंगला आपली परवानगी होती, असं मागच्या तारखेनं लिहून द्या ना. भोकाला म्हणतोय मी, कार्यक्रमाला नव्हे.”