उदमांजराची बोली

"पुन्हा!" वासवानीशेठ काचेपलीकडून ओरडले. "महिपती, उदमांजर बोल रहा है, तहसीलदार नहीं!"

महिपतीने अकराव्यांदा माइकसमोर तोंड उघडलं. "महाराज, मला भूक लागली गो बाय." कोणीच हसलं नाही.

उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या एका माळ्यावर, भिंतींना गोणपाट ठोकलेल्या खोलीत, जपानी कार्टून मराठीत येत होतं. मूळ जपानीत प्रत्येक पात्राची वाक्य संपवायची आपली आपली तऱ्हा होती. सरदार वाक्याच्या शेवटी गुरगुरायचा, राजकन्या लाडिक हेल काढायची आणि बावळट उदमांजर दर वाक्याला एक विचित्र शेपूट जोडायचं. त्या शेपटाला मराठीत काय म्हणायचं, यावरून शेठनी चार दिवस सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं.

'गो बाय' सुचवलं गर्दीतले किरकोळ आवाज काढणाऱ्या कुंदाने. "डोंगराकडच्या बायका असं बोलतात," ती सहज म्हणून गेली. प्रत्यक्ष राजाला 'गो बाय' म्हणणारं उदमांजर! शेठ जाम खूश झाले. त्याच खुशीत राजकन्येचा आवाज कुंदाच्या पदरात पडला. असलं काम तिला जन्मात पहिल्यांदा मिळत होतं.

डोंगराकडच्या बायका म्हणजे आपली आई, हे मात्र तिने सांगितलं नाही. बारवी धरणामागच्या पाड्यावरून ती आश्रमशाळेत गेली, तिथून पुढे बदलापूरच्या हायस्कुलात. तिथल्या पोरी हसायच्या, म्हणून तिने जीभ घासून घासून साफ केली. इथे सगळे तिला बदलापूर गावातलीच समजत. समजेनात का! दोन दिवाळ्या ती पाड्यावर फिरकलीसुद्धा नव्हती.

महिपती बाराव्यांदा घसा खाकरत असताना दार उघडलं. दारात नवसी उभी होती, कुंदाची आई. बाजारात करटोली विकून, याला त्याला विचारत, रिकामी पाटी काखेत मारून ती जिना चढून आली होती.

"घावलीस एकदाची!" ती धापा टाकत म्हणाली. "बरी हाईस ना गो बाय?"

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. मग शेठनी टाळीच वाजवली. "अरे, यही! यही तो चाहिए मेरे को! कुंदा, कौन है ये?"

नवसीचा चेहरा फुलला. सांगायला तिने तोंडही उघडलं. पण कुंदा पुढे झाली.

"आमच्याकडे रानभाजी देते," ती म्हणाली. "ओळखीची आहे."

नवसीचं तोंड मिटलं. कुंदाला स्वतःची किळस आली. पण बोलून बसली होती, आणि बोललेलं मागे घ्यायची छाती तिच्यात नव्हती. पाड्यावरची म्हटल्यावर राजकन्या हातची जाईल, एवढंच तिला दिसत होतं.

शेठना कसलंच भान नव्हतं. त्यांनी महिपतीला बाहेर काढलं, नवसीला आत नेऊन माइकसमोर उभं केलं आणि काचेमागे येऊन बसले.

"घाबरू नका, बाई. फक्त आवाज बघायचाय. काहीपण बोला. घर का बोलो, बच्चे का बोलो."

लाल दिवा लागला. नवसी त्या काळ्या माइककडे बघत राहिली. मग तिने मान वर केली. काचेमागे, शेठच्या खुर्चीला टेकून, कुंदा उभी होती. नवसी तिच्याकडे बघत सावकाश बोलली.

"मला एक लेक व्हती गो बाय."

शेठ पोट धरधरून हसले. महिपती भिंतीला टेकून हसला, टेप फिरवणारा हसला. कुंदा हसेना, तसे सगळे वळून तिच्याकडे बघायला लागले, तेव्हा तीही हसली.