चाळिसावा संगणक

चाळीसपैकी एकोणचाळीस संगणक आजही सकाळी नऊला मुकाट्याने जोडले गेले आणि फाटकावरचा चाळिसावा पुन्हा अडून बसला.

हॉस्पिटलमध्ये ज्याला सगळे लिनक्सभाऊ म्हणत, तो तळघरातल्या आपल्या खोलीत डोकं खाजवत बसला. काम तसं सरळ होतं. कोणता माणूस कोणत्या संगणकावर काय उघडू शकतो, हे यापुढे एकच मुख्य सर्व्हर ठरवणार होता. त्यासाठी लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या प्रत्येक संगणकाने त्याच्याकडे आपली नोंद करायची, तीही आपोआप, कोणाचा हात न लागता. चाचणी म्हणून रोज संध्याकाळी नोंदी पुसायच्या आणि सकाळी नऊला सगळ्यांनी त्या नव्याने करायच्या, असं चाललं होतं.

गंमत अशी, की दुपारी फाटकावर जाऊन त्याने स्वतः नोंद करून पाहिली, की ती बिनबोभाट होई. सकाळी नऊला मात्र नन्नाचा पाढा. त्याने केबल बदलली, आतला सेल बदलला. संगणक ढिम्म.

"अरे, एकोणचाळीस झाले ना?" संध्याकाळी जेवताना बायको म्हणाली. "मग एकासाठी कशाला जीव काढतोस?"

"तो हजेरीचा संगणक आहे. त्याला वगळून कसं चालेल? आणि मला कळायला नको, का अडतोय ते?"

"तुझं हे 'का' एक दिवस आपल्याला उपाशी ठेवेल."

त्याचे वडील घास चावत म्हणाले, "आपली ती सकाळची बाई हल्ली..."

"बाबा, आमटी गरम आहे. फुंकून घ्या," बायको म्हणाली.

बायकोही त्याच हॉस्पिटलमध्ये, एक्स-रे विभागात होती. शुक्रवारी तिचं कच्च्या नोकरीचं वर्ष संपून ती कायम होणार होती. अट एकच, वर्षभरात तीन लेट मार्क लागता कामा नयेत. दोन पहिल्याच महिन्यात लागले होते. तिसरा लागला की नोकरी गेली. पण त्यानंतर तिने एकदाही वेळ चुकवली नव्हती आणि याचं तिच्यापेक्षा त्यालाच जास्त कौतुक होतं. तो स्वतः साडेसातला घर सोडायचा. वडिलांची आंघोळ, औषधं उरकून, त्यांना सांभाळणारी बाई आली की बायको नऊची हजेरी गाठायला निघायची.

बुधवारी दुपारी त्याने त्या संगणकात आपोआप साठणारा बारीकसारीक घडामोडींचा तपशील ओळ न् ओळ वाचून काढला आणि टेबलावर थाप मारली. रोज नऊला पाच कमी असताना कोणीतरी त्याचं घड्याळ अकरा मिनिटं मागे नेत होतं आणि सव्वानऊनंतर पुन्हा बरोबर करत होतं. पाच मिनिटांहून जास्त फरक दिसला, की मुख्य सर्व्हर दारातही उभं करत नाही. घोडं तिथे पेंड खात होतं!

पण कोण करत होतं हे? आणि कशासाठी?

तो फाटकावर गेला. तिथे बसणाऱ्या मावशी कोणाचा तरी हरवलेला चष्मा पुसत होत्या. कीबोर्डखाली पासवर्डची चिठ्ठी, नेहमीसारखी.

"मावशी, या घड्याळाला कोण हात लावतं?"

"मला मेलीला काय कळतंय त्यातलं?"

"बरं, मोठे साहेब किती वाजता येतात हो?"

मावशींचा हात थांबला. त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग चष्मा पुन्हा पुसायला घेतला.

"मोठ्या माणसांचं मी काय बोलू? झाकली मूठ सव्वा लाखाची, भाऊ."

त्याला हसू आवरेना. साहेब नऊनंतरच उगवतात, हे अख्ख्या हॉस्पिटलला ठाऊक होतं आणि उशिराच्या यादीत त्यांचं नाव कधीच नसतं, हेही. परवाच दुपारपाळीच्या एका वॉर्डबॉयला दोन मिनिटांसाठी त्यांनी फैलावर घेतलं होतं. तो तळघरात परतला. कोणालाही न सांगता त्याने बसल्या जागेवरून फाटकावरच्या संगणकाचा पासवर्ड बदलला आणि त्याच्या घड्याळाचा कान मुख्य सर्व्हरच्या हातात दिला. आता ते एक सेकंदही मागे जाणार नव्हतं.

घरी तो काही बोलला नाही. उद्याची मजा उद्याच सांगू, असं त्याने ठरवलं.

गुरुवारी नऊला चार कमी असताना तळघरातला फोन वाजला. फाटकावरचा नंबर होता. मावशी साहेबांसाठी रदबदली करणार, हे उघड होतं. त्याने फोन वाजू दिला. तो थांबला आणि पुन्हा वाजला. त्याने आवाज बंद केला.

इतक्यात दार ढकलून मोठे साहेब आत आले.

"म्हटलं, आज आपणच चाचणी बघावी," ते म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

लिनक्सभाऊ गोंधळला. "साहेब, आज लवकर? हजेरी लावलीत?"

"आमची कसली हजेरी? आम्ही मागच्या दाराने येणारे. हजेरी तुम्हा लोकांना."

नऊ वाजले. पडद्यावर एकामागून एक हिरव्या खुणा उमटू लागल्या. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

"शाब्बास! कोणाचा हात न लागता, अं? आता उशिरा आलेल्यांची यादी पण थेट इथेच येईल ना?"

"हो. सव्वानऊला आपोआप उघडते."

साहेबांनी चहा मागवला. यादी उघडली. तिच्यात एकच ओळ होती. साहेब वाकून वाचू लागले.

"एक्स-रे विभाग. नऊ वाजून आठ मिनिटं. लेट मार्क तिसरा." त्यांनी वर पाहिलं. "अहो, या तुमच्या मिसेस ना?"