कडूबाची पिशवी

चातुर्मास बसला त्या दिवशी गिरधारीलालशेठनी मुनिमहाराजांसमोर, अख्ख्या मस्तगडच्या देखत, पाइप जन्मभरासाठी सोडला. लोकांनी वाहवा केली. त्यांच्या बायकोनं, भंवरीबाईनं, पदरानं डोळे टिपले.

तिसऱ्या दिवशी शेठजी रस्त्याकडं पाठ करून मौलाभाईच्या दुकानात तंबाखूची पिशवी निवडत बसले होते.

"हसनाबादच्या आमच्या गड्याला, कडूबाला पायजे."

"कडूबा पाइप ओढून राह्यला?"

"लागलाय हल्ली."

मौलाभाईनं चामड्याची पिशवी पुढं केली. "चामडं धर्मात बसत न्हाई," म्हणून शेठजींनी हात आखडला. मग आतून रबर लावलेली कापडी पिशवी त्यांनी उलटी करून पाहिली, हुंगली, तिची शिवण ताणली.

"चार महिने तंबाखू वाळायला नको." जन्मभराचा हिशेब शेठजींनी चार महिन्यांत बसवला होता.

"बिलकुल न्हाई वाळणार. पण दुसरी कशाला घेता? कालच भंवरीबाई अशीच एक घेऊन गेल्या."

शेठजींचा हात पिशवीतच राहिला.

"म्हणल्या, नियम मोडल्यावर शेठजींवर दुसऱ्याचं नाव सांगून पिशवी मागायची पाळी येऊ नये."