दत्तूचा वस्तरा

हिरामण महाराची पलटण मोडली आणि त्याच्या जातीला फौजेची दारं बंद झाली. ती पुन्हा उघडा, असं कलेक्टरसाहेबाला सांगायला तो आज अलिबागला निघाला होता. पण गावचा दत्तू न्हावी महाराची दाढी करत नसे.

नागावच्या वाळूत हिरामण काचेनं गाल खरवडत होता, तेवढ्यात दत्तूच आला. तिकडं बसऱ्याच्या लढाईत साऱ्या पलटणीच्या दाढ्या त्यानंच केलेल्या.

“हनुवटी वर कर, शिपाया.”

“कुनी बघंल, दत्तू.”

“बसऱ्याला बघत नव्हते?”

दाढी झाल्यावर हिरामण हळूच म्हणाला, “वस्तरा धू बाबा. आता पाटलाकडं जाशील.”

“तितं तुज्यामागनं कप्तान बसायचा. त्यो कदी धू म्हनला न्हाय.”

घटकाभरानं पाटील ओसरीवर गालावरून हात फिरवत म्हणाला, “आज वस्तरा लई मऊ लागला रे, दत्तू!”