आर्थरची सही

हेझलने आर्थरचा लग्नातला काळा कोट पलंगावर पसरला. त्याच्या बायकोने, डोरोथीने, तो उचलला आणि परत कपाटात टांगला.

"कोट लागणार नाही," ती म्हणाली. "दोन वाजता मेडिकल कॉलेजची गाडी येईल."

हेझल ही आर्थरची थोरली बहीण. भाऊ सकाळी सहाला गेल्याचं कळताच ती कळव्यातल्या या घराचे तीन जिने धापा टाकत चढून आली होती, ती दफनाची तयारी करायला.

"कसलं कॉलेज?"

डोरोथीने टेबलाच्या खणातून कागद काढून तिच्यापुढे ठेवला. देहदानाचा अर्ज होता, अकरा वर्षांपूर्वीचा. छापील मजकुराखाली आर्थरने स्वतःच्या हाताने एक ओळ जास्त लिहिली होती: माझ्यासाठी कोणतीही प्रार्थना होऊ नये. त्याखाली त्याची सही, जुन्या फोरमनला शोभेल अशी ठसठशीत.

"बोलायचा तो तसा," हेझल म्हणाली. "आयबापाच्या शेजारी जागा ठेवलीय त्याची."

"राहू दे जागा."

खरं तर कोणाला नवल वाटायचं कारण नव्हतं. अडतीस वर्षांपूर्वी त्यांची सहा वर्षांची लिंडा काविळीने गेली. कबरीवर माती पडत असताना मागून कोणीतरी म्हणालं, देवाला आवडली ती. आर्थर तिथून जो निघाला तो पुन्हा कधी चर्चची पायरी चढला नाही. नात्यातलं लग्न असलं की बाहेर उभा राहून सिगारेट ओढायचा, आणि जेवायला मात्र सगळ्यांच्या आधी हजर.

डोरोथीचा एक रविवार चुकला नाही. वेदीवरची कापडं धुऊन इस्त्री करायचं काम तिच्याकडे होतं. अलीकडे दोन वर्षं ती शेवटच्या बाकावर बसायची, गुडघे दुखतात म्हणून. यावरून दोघांचं भांडण कधी झालं नाही. ती परत आली की तो चहा ठेवायचा.

"काय म्हणतो तुझा देव?"

"तुझी चौकशी करत होता," ती सांगायची.

अकराच्या सुमारास मुलगा नेविल डोंबिवलीहून आला. सोबत फादरना घेऊन आला होता. बापाच्या कपाळावर हात ठेवून तो बराच वेळ उभा राहिला, मग त्याने कागद वाचला, आणि पुन्हा वाचला.

फादर समजूतदार होते. "देहदानाला आपली काहीच हरकत नाही," ते म्हणाले. "चांगलंच काम आहे. फक्त अर्धा तास त्याला चर्चमध्ये आणू. गाडी तिथूनच जाईल."

"नाही, फादर."

"मग इथेच. दोन मिनिटं. मी अगदी हळू म्हणेन."

"हळूसुद्धा नाही."

हेझल रडायला लागली. तिने नेविलचा दंड धरला. "तू बोल रे. मुलगा आहेस ना त्याचा?"

नेविल आईसमोर खुर्ची ओढून बसला. "मम्मी, कॉलेजवाले वारसांची सही मागतात. मी नाही केली तर?"

"तर माझी एकटीची चालते. मी फोन करून विचारलंय." डोरोथीचा आवाज चढला नाही. "तू करू नकोस. पण त्याने लिहिलेलं मोडायचं असेल, तर हा कागद माझ्यासमोर फाड."

नेविलने कागद हातात धरला. खाली कोणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होत नव्हती. खोलीत सगळे त्या आवाजाकडे लक्ष देऊन बसल्यासारखे बसले होते.

"शेवटी काही बोलले का?" त्याने विचारलं.

"पाणी मागितलं."

तेव्हा तो रडला. मग डोळे पुसून त्याने पेन मागितलं आणि सही केली.

फादर उठले. दारात ते थांबले. "डोरोथी, मी पुष्कळ घरं पाहिली," ते म्हणाले. "पण स्वतःचं मन मारून असा नवऱ्याचा शब्द राखणारी बाई नाही पाहिली."

"सांभाळून उतरा, फादर. पायऱ्या आत्ताच पुसल्यात."

गाडी दोनला आली. डोरोथीने चादरीची कड स्वतः नीट केली आणि खालपर्यंत गेली. गाडी वळेपर्यंत ती सरळ उभी होती. नेविल तिला कवेत घेऊन म्हणाला, "पप्पांना अभिमान वाटला असता."

तिसऱ्या दिवशी दुपारी रचना आली. आठ महिने ती दिवसभर आर्थरची सेवाशुश्रूषा करत होती. बहिणीच्या लग्नासाठी चार दिवस शहाडला गेली, आणि मागे हे झालं. रिकामा पलंग बघून ती तिथेच खाली बसली. डोरोथीने तिला रडू दिलं.

"सरांना बरं वाटलं असेल ना, फादर आल्यावर?" जरा सावरल्यावर रचनाने विचारलं. "मी निघाले त्या दिवशी पण हात सोडत नव्हते माझा. फादरना बोलव, मला प्रार्थना हवी, एवढंच चाललेलं. मी जाताना तुम्हाला सांगितलेलं."

"सांगितलं होतंस. मलाही तो रोज तेच म्हणत होता."

"मग आलेले ना ते?"

डोरोथी तिच्या शेजारी जमिनीवर बसली.

"मी बोलावलं नाही," ती म्हणाली. "अडतीस वर्षं तो बरोबर होता, रचना. शेवटच्या आठवड्यात मी त्याला चुकू दिलं नाही."