ती त्या गाडीत असेल

"दोन गाड्या नेताय, तर निघताना दर वेळी पोरं मोजा," सासूबाईंनी बजावलं होतं. "आई, पोरं आहेत, मेंढरं नव्हेत!" म्हणत तिने ते हसण्यावारी नेलं.

ताम्हिणी घाट उतरून सगळे फोटोसाठी थांबले. जावेच्या गाडीतून फक्त जावेचीच पोरं उतरली.

"शर्वी कुठंय?"

"अगं, वडापाव खाल्ल्यावर ती तुमच्याच गाडीकडे पळाली ना!"

नवऱ्याने गाडी उलटी वळवली, पण घाटात वाहनं ठप्प. रेंजची एक काडी दिसताच ती सगळ्या ग्रुपवर लिहीत सुटली:

"मुळशीच्या बाजूला, घाटाआधीच्या वडापावच्या टपरीजवळ कुणी आहे का? माझी मुलगी मागे राहिलीय. पिवळा फ्रॉक. घाबरली की हाकेला ओसुद्धा देत नाही. पाया पडते, टपरीच्या मागेही बघा हो!"